अनुसूयाबाईंची मडी

अनुसूयाबाई संध्याकाळी कामावरून परतल्या की फाटकातूनच आवाज द्यायच्या, "कुणी शिवू नका गं!" चपला बाहेरच्या पत्र्याच्या खोक्यात, पर्स खुंटीला, आणि घराच्या बाजूच्या बोळातून थेट मागच्या न्हाणीघरात. अंगावरची साडी वेगळ्या बादलीत भिजायची, डोक्यावरून पाणी घेतलं जायचं आणि मगच त्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायच्या. पाऊस असो, थंडी असो, बाहेरच्या खोलीत पाहुणे येऊन बसलेले असोत, यात कधी बदल झाला नाही.

सासूबाईंना, इंदिराबाईंना, याचं कोण कौतुक! "आमच्या सुनेची मडी बघायला या एकदा," असं त्या देवळात भेटणाऱ्या बायकांना सांगत. मडी म्हणजे सोवळं. बेंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या जुन्या मराठी घरांतून हा कन्नड शब्द सोवळ्याच्या जागी येऊन बसला त्याला पिढ्या लोटल्या. "एवढी शिकली, कारखान्यांच्या भागात नोकरी करते, पण न्हाल्याशिवाय चुलीला हात लावत नाही."

त्यांचा हा समज मोडायला अनुसूयाबाई कधी गेल्या नाहीत. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतंय, वाटू दे की. खरं कारण वेगळं होतं. रसायनशास्त्रात बीएस्सी झाल्यापासून त्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत होत्या आणि दिवसभर त्यांच्या हातांखालून जे जायचं ते म्हणजे शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा. आजूबाजूच्या प्लेटिंगच्या आणि रंगाच्या कारखान्यांतला गाळ, विषारी म्हणून गटारात सोडता येत नाही असा, मोठमोठ्या पिंपांत भरून शेजारच्या आवारात यायचा. तिथे तो भुशात कालवून ट्रकवर चढायचा आणि दूर उत्तरेकडे, बंडेगुड्डा नावाच्या गावी, सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जोडीला जळायला जायचा. जाण्याआधी त्यात कुठला धातू किती आहे हे तपासायचं काम अनुसूयाबाईंचं. आकडा मर्यादेत असला तर ट्रक सुटायचा.

कामाला लागल्यावर थोड्याच वर्षांत आश्लेषा झाली, आणि तेव्हापासून ही आंघोळ. शिसं लहान मुलांच्या हाडांत जाऊन बसतं हे त्यांनी वाचलं होतं. वाचलेलं विसरायचा त्यांचा स्वभाव नव्हता. रात्री बाळाच्या अंगावर हात ठेवायच्या आधीसुद्धा त्या आपली नखं दिव्याखाली धरून बघायच्या. पोर चालायला लागली तशी आईचा आवाज ऐकून धावत बोळात यायची, आणि आजी तिला मागून धरून ठेवायची. शाळेत जाऊ लागल्यावर न्हाणीघराच्या बंद दाराबाहेर उभी राहून ती शाळेतली सगळी हकिगत दाराला सांगायची. मधूनमधून विचारायची, "अम्मा, झाली का मडी?"

"झाली, झाली. साबण तरी लावू दे की."

एकदा, असेल पाच-सहा वर्षांची, तिने दाराबाहेरूनच विचारलं होतं, "तुझ्या हापीसातली घाण कुठे जाते?"

"लांब जाते."

"लांब म्हणजे?"

"खूप लांब. भट्टीत. तिथे सगळं जळून जातं."

"सगळं?"

"सगळं," अनुसूयाबाई म्हणाल्या, आणि डोक्यावर तांब्या ओतला. साबण डोळ्यांत जात होता, आणि मूल पाच वर्षांचं होतं.

तशी वर्षं गेली. अनुसूयाबाईंचे यजमान सुमंतराव विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि सकाळी संपिगे रोडवर भाजी निवडून आणणं हे त्यांचं काम झालं. पीण्याला जायला बसच्या धक्क्यांऐवजी मेट्रो आली. अनुसूयाबाईंचे केस पांढरे झाले, प्रयोगशाळेत नवं मशीन आलं, आणि आश्लेषा डॉक्टर झाली.

डॉक्टरकी संपली की सरकारी नियमाने एक वर्ष खेड्यातल्या आरोग्य केंद्रात काढायचं असतं. कुठलं केंद्र हवं ते संगणकावर पसंतीच्या क्रमाने भरून द्यायचं. त्या रविवारी सगळं घर जेवणाच्या टेबलाभोवती बसलं होतं. आश्लेषा एकेक नाव वाचायची आणि इंदिराबाई एकेक नाव उडवून लावायच्या. "तिथे पाणी नाही." "तिथे माझ्या आत्याला विंचू चावला होता." "त्या गावाला रस्ता आहे का तरी?"

"अज्जी, तू गेली होतीस का तिथे?"

"जायला कशाला लागतंय? ऐकलं नाही का आम्ही?"

आश्लेषाने खाली सरकवत सरकवत वाचलं, "बंडेगुड्डा."

"अगं, ते बरं आहे," अनुसूयाबाई चटकन म्हणाल्या. पुरणयंत्र पुसत होत्या, ते त्यांनी खाली ठेवलं. "मला माहीत आहे ते. सिमेंटवाल्यांची वसाहत आहे, चोवीस तास वीज. बेंगळुरूहून थेट गाडी जाते. रस्ताही चांगला, आपले ट्रक जातात की तिकडे."

आपल्या पोरीच्या बाबतीत अनोळखी नावांच्या त्या रांगेत ओळखीचं एक नाव निघालं याचाच त्यांना एवढा आनंद झाला होता. रोज ज्या गावाचं नाव लिहितो ते गाव आपल्याला परकं वाटत नाही. आश्लेषाने बंडेगुड्ड्याला पहिली पसंती दिली आणि यादी लागली तेव्हा तेच मिळालं. इंदिराबाईंनी राघवेंद्रस्वामींच्या मठात साखर वाटली.

दुसऱ्या दिवशी अनुसूयाबाईंनी प्रयोगशाळेतही पेढे नेले. शेजारच्या आवारात पिंपांवर देखरेख करणारा खंडोजी नमुन्याच्या बाटल्या घेऊन आला होता. खंडोजी बेंगळुरूचाच मराठी माणूस, बोलण्यात मराठीपेक्षा कन्नड जास्त, आणि कन्नडपेक्षा थट्टा जास्त. त्याने दोन पेढे उचलले.

"म्हणजे अक्का, आपली लेक आता आपल्या ट्रकच्या मागोमाग निघाली म्हणायची."

"हो रे," अनुसूयाबाई हसल्या.

"बेष झालं. आपण इथून पाठवायचं, तिने तिथे औषध द्यायचं. घरातल्या घरात धंदा."

तो हसत निघून गेला. हसण्यासारखंच होतं ते. अनुसूयाबाईंनी पेढ्यांचा डबा बंद केला, हातमोजे चढवले, पहिल्या बाटलीवरची चिठ्ठी वाचली. खाली, नेहमीच्या जागी, माल कुठे जाणार ते लिहिलेलं होतं. बंडेगुड्डा. त्यांच्याच अक्षरात, कारण चिठ्ठ्या त्याच आधी लिहून देत. आदल्या संध्याकाळी आश्लेषाच्या सामानाच्या खोक्यावर त्यांनी हाच पत्ता, हेच वळण देऊन, लिहिला होता.

त्या स्टुलावर बसल्या.

धातू जळत नाही हे काय त्यांना माहीत नव्हतं? रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ते माहीत असतं. तेल जळतं, रंग जळतो, द्रावण जळतं. शिसं जळून नाहीसं होत नाही. भट्टीत बरंचसं शिसं सिमेंटच्या दगडातच कोंडलं जातं, हे खरं. पण पारा वाफ होऊन वर जातो, धूळ धरणाऱ्या जाळीतून वाफ निसटते, आणि धुराड्यातून बाहेर पडलेलं कुठेतरी खाली येतंच. म्हणून तर मर्यादा घातलेली असते, आणि म्हणून तर अनुसूयाबाई तिथे होत्या. मर्यादेत आहे ना, मग ठीक आहे. इतकी वर्षं त्यांनी आकडा पाहिला होता. आकड्याच्या पलीकडे एक गाव आहे, तिथे कपडे दोरीवर वाळतात, हे आज पहिल्यांदा डोळ्यांपुढे आलं, कारण दोरीवरचे कपडे त्यांच्या मुलीचे होते.

त्यांना स्वतःची थोडी लाज वाटली. मग त्या उठल्या आणि आवारात गेल्या.

"खंडोजी, बाटली कशी भरतोस मला दाखव."

"आज काय तपासणी, अक्का?"

"दाखव की स्वल्प."

त्याने एका पिंपाचं झाकण काढलं, तोंड बाजूला फिरवून श्वास धरला, लांब दांड्याचा चंबू वरच्या वर बुडवला, बाटली भरली आणि झाकण आपटलं. सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर. मागे सरून तो खोकला.

"ढवळत नाहीस?"

"ढवळलं तर वास उठतो, अक्का. पोरं उलट्या करतात."

"भिंतीवर लिहून लावलंय ते?"

खंडोजीने भिंतीकडे पाहिलं. तिथे कागद होता, नमुना घेण्याआधी पिंप तळापर्यंत ढवळावं असं सांगणारा, धुळीने पिवळा पडलेला. तो अनुसूयाबाईंनीच लिहिला होता, कामाला लागल्या त्या सुमाराला. त्यानंतर इतकी वर्षं त्या आपल्या खोलीत मशीनपाशी बसत आल्या आणि आलेली बाटली म्हणजे अख्खं पिंप असं धरून चालत आल्या. "ते तर देवाच्या फोटोसारखं झालं, अक्का," खंडोजी म्हणाला. "रोज दिसतं, म्हणून दिसत नाही." मग जरा ओशाळून, "मला काय वाटलं, वरचं काय न् खालचं काय, एकाच पिंपातलं."

अनुसूयाबाईंनी काचेची लांब नळी मागवली, जी पिंपात उभी तळापर्यंत जाते आणि वरपासून खालपर्यंतचा थर जसाच्या तसा उचलून आणते. पट्टा लावलेला मुखवटा त्यांनी स्वतः चढवला. नळी बाहेर आली तेव्हा वर चहाच्या पाण्यासारखं पातळ होतं आणि खाली, बोटभर उंचीचा, राखाडी, जड गाळ. जुन्या ट्यूबलाइटच्या दिव्यांचा चुरा करणाऱ्या एका कारखान्याचं पिंप होतं ते, आणि त्या दिव्यांत पारा असतो. त्यांनी वरचं आणि खालचं वेगळं तपासलं. वरचं मर्यादेत होतं. खालच्यात पारा इतका होता की मशीन बिघडलं असेल म्हणून त्यांनी ते धुऊन पुन्हा लावलं. मशीन बिघडलेलं नव्हतं.

प्रयोगशाळेचे मुख्य होते योगीराज. माणूस वाईट नव्हता; वसुली, वीजबिल आणि गिऱ्हाईक या तिन्हींमध्ये चेंगरलेला होता. त्यांनी दोन्ही आकडे पाहिले, चष्मा काढला, परत लावला.

"अनुसूयाबाई, हे एक पिंप झालं. पुढे ते भुशात मिसळतं, दुसऱ्या पिंपांत मिसळतं. मिसळल्यावर सगळं मर्यादेत बसतं."

"सर, तुम्ही स्वामींच्या आराधनेला मठात जेवायला येता ना?"

"येतो की. गेल्या वर्षी तुम्हीच वाढत होतात."

"काय वाढत होते?"

"सार."

"पहिल्या पंक्तीला होतात की शेवटच्या?"

योगीराज सावध झाले. "शेवटच्या. का?"

"कसं होतं सार?"

"दाट होतं. डाळच डाळ. तिखट, मिठाचा खडा... अहो, खरं सांगू, गिळवेना."

"पहिल्या पंक्तीने मला काय म्हटलं माहीत आहे? म्हणे, हे काय अक्का, कावेरीचं पाणी वाढता का. सार एकच, बादली एकच. माझं ओगराळं वरवर फिरत होतं. पंगत उठल्यावर कुणी मला विचारलं असतं सार कसं झालंय, तर मी वरचं चाखून सांगितलं असतं, छान पातळ झालंय." त्यांनी खालच्या थराचा आकडा पुढे सरकवला. "वरचंच चाखून पाठवत आलोय आपण. मिसळल्यावर मर्यादेत बसतं, हेही त्याच बाटल्यांवरून म्हणतोय."

योगीराजांनी खिडकीतून आवाराकडे पाहिलं. ट्रकवर ताडपत्री ओढणं चालू होतं.

"हे पिंप परत पाठवलं तर ते लोक दुसरीकडे नेतील," ते म्हणाले. "तिकडे कुणी ढवळणार नाही."

"नेतील."

"मग काय फरक पडला?"

"आपल्या सहीने जाणार नाही, एवढाच."

"आणि आजवर गेलं ते?"

अनुसूयाबाई या प्रश्नाला घाबरत होत्या, आणि तो योगीराजांनीच विचारला. तेही तो विचारून दचकल्यासारखे झाले. "गेलं ते सिमेंट झालं असेल," ते स्वतःच घाईने म्हणाले.

"शिसं झालं असेल. पारा सिमेंट होत नाही, सर."

मग योगीराज म्हणाले, "सरी, ठीक आहे. ढवळा. नळ्या किती लागतील ते सांगा. मालकांना काय सांगायचं ते मी बघतो. पण गिऱ्हाईक तुटलं तर मला सारा-बिराच्या गोष्टी सांगायला येऊ नका." दारापर्यंत गेलेल्या अनुसूयाबाईंना त्यांनी हाक मारली. "आणि ऐका. यंदा मी पहिल्या पंक्तीला बसणार नाही आणि शेवटच्याही नाही. मधल्या."

आता उरली होती आश्लेषा. पसंती बदलायला दुसरी फेरी होती आणि ती त्याच आठवड्यात संपत होती. बदलून घे म्हणणं सोपं होतं. का, हे सांगायचं अवघड होतं. दोन दिवस अनुसूयाबाई घरात नुसत्या फिरत राहिल्या. सारात मीठ दोनदा पडलं. इंदिराबाई म्हणाल्या, "लेक सासरी चालल्यासारखं तोंड करून काय बसलीस? वर्षाने येते की." सुमंतरावांनी काही न विचारता कोथिंबिरीची जुडी त्यांच्यापुढे निवडायला ठेवली. त्यांच्या घरात सांत्वन करण्याची ही पद्धत होती.

शेवटी त्या न्हाणीघरातून बोलल्या. ठरवून नव्हे. कामावरून आल्या, आंघोळीला गेल्या, आणि बाहेर बोळात आश्लेषा कपडे काढत होती दोरीवरचे, ते आवाजावरून कळलं.

"आशू, तिथे जाऊ नकोस."

"काय?"

"बंडेगुड्ड्याला. बदलून घे."

"तूच तर म्हणालीस, अम्मा. चोवीस तास वीज."

मग त्यांनी बंद दाराआडून सगळं सांगितलं. चंबू कसा वरवर बुडतो, तळाला काय होतं, ट्रक कुठे जातो. लेकीचं तोंड दिसत नव्हतं म्हणून सांगता आलं. सांगून झाल्यावर नळ बंद केला आणि कान देऊन उभ्या राहिल्या. बाहेर चिमटे डब्यात पडत होते, एकेक.

"तू म्हणाली होतीस सगळं जळून जातं," आश्लेषा म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. जुनी गोष्ट आठवावी तशी म्हणाली.

"हो."

"मी वर्गात सांगितलं होतं सगळ्यांना. माझी अम्मा विष जाळते म्हणून." ती थोडी हसली. मग म्हणाली, "बदलून घेतलं समजा. माझ्या जागी दुसरी कुणी जाईल. आणि तिथल्या बाळंतिणींनी कुठल्या फेरीला बसायचं?"

अनुसूयाबाईंनी तांब्या बादलीत सोडला. अंगावर पाणी गार होत होतं.

"बाहेर ये आता," आश्लेषा म्हणाली. "तुझी मडी झाली असली तर. सर्दी होईल."

दसरा झाल्यावर ती गेली. बरोबर आईने काय काय दिलं त्याची मोजदाद नको. पाणी गाळायचं यंत्र दिलं, खिडक्यांना लावायला जाड कापड दिलं, आणि सूचना दिल्या त्या गाडी हलली तरी चालू होत्या. केर झाडायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. भाजी धुऊन घ्यायची. तिथल्या तळ्यातला मासा—

"अम्मा, आपण मासे खातो का?"

"नाही खात. तरी सांगून ठेवते."

पीण्यात नळ्या आल्या. खंडोजीने आवारातल्या लोकांना मुखवटे मिळवून दिले आणि स्वतः दोन दिवस आपल्या मुखवट्याला शिव्या घालून तिसऱ्या दिवसापासून वापरू लागला. ढवळायला वेळ लागे, म्हणून ट्रक उशिरा सुटत. काही पिंपं परत गेली. दिव्यांचा चुरा करणारा कारखाना आपला माल घेऊन दुसऱ्या कुणाकडे गेला, आणि योगीराजांनी आठवडाभर अनुसूयाबाईंशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं. ती पिंपं शेवटी कुठे गेली असतील हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. कधी मेट्रोच्या खिडकीतून खाली वसाहतीचे पत्रे दिसले की यातल्या कुठल्या पत्र्याखाली ती असतील, असं त्या बघत राहत. मग स्टेशन यायचं आणि त्या उतरायच्या.

आश्लेषा दर रविवारी फोन करायची. रोगी किती, रस्ता किती वाईट, कोण बाई केळी देऊन गेली. धुराचं आईने विचारलं तरच सांगायची. "आज वारा पलीकडे आहे," म्हणायची. किंवा, "आज चादरी आत घेतल्या." पारा डोळ्याला दिसत नाही, नाकाला येत नाही, धूळ दिसते तेवढीच. वर्षानुवर्षं थोडंथोडं साठतं, आणि साठलं म्हणून कुणी त्या दिवशी आजारी पडत नाही, हे दोघींनाही माहीत होतं. म्हणून बोलणं केळ्यांवरच जास्त व्हायचं.

उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आदल्या दिवशी ती घरी आली. फाटक वाजलं तेव्हा इंदिराबाई बाहेरच बसल्या होत्या. नातीला पाहून त्या उठल्या, हात पुढे केले, तशी ती दोन पावलं मागे सरकली.

"कुणी शिवू नका गं!"

पिशव्या बाहेर, चपला पत्र्याच्या खोक्यात, आणि बोळातून थेट न्हाणीघरात. इंदिराबाईंचे डोळे भरून आले. "बघ," त्या सुनेला म्हणाल्या, "आईचं वळण गेलं नाही. डॉक्टर झाली तरी मडी सोडली नाही पोरीने."

अनुसूयाबाई बोळात गेल्या आणि बंद दाराबाहेर उभ्या राहिल्या. आत पाणी पडत होतं.

"झाली का?" त्यांनी विचारलं.

"साबण तरी लावू दे की, अम्मा."

दुसऱ्या दिवशी उगादीचं तेल. उगादीला घरातल्या सगळ्यांच्या डोक्याला तेल लावून न्हाऊ घालायचं असतं, आणि आश्लेषाला ते आईच्याच हातचं लागायचं. पाटावर ती पाठ करून बसली. इंदिराबाई शेजारी कडुनिंबाची फुलं गुळात कुटत होत्या. अनुसूयाबाईंनी तेलाच्या वाटीला हात लावण्याआधी केस विंचरून घेतले, एकदा, पुन्हा एकदा. फणीला आलेली गुंतवळ बोटाला गुंडाळली, आणि पदराखालून एक छोटी बाटली काढली.

"गुंतवळ कशाला ठेवतेस?" इंदिराबाई म्हणाल्या. "सणाच्या दिवशी घरात केस! टाक की बाहेर."

"टाकते, टाकते."

पण आश्लेषाने मान वळवली होती. तिने बाटली पाहिली. पीण्याची बाटली, पांढऱ्या झाकणाची, चिठ्ठी कोरी.

"अम्मा."

"काही नाही गं. सहज."

"फणीवरचे कशाला घेतेस?" आश्लेषा म्हणाली. "कधी गळलेले, काय माहीत. कात्री आण. मानेजवळून काप, अगदी कातडीला लागून. तुझ्या पिंपासारखंच आहे हे. तळापासून घे."

अनुसूयाबाईंनी फणी खाली ठेवली. केसांवरून सगळं कळत नाही, रक्त तपासलेलं बरं, हे त्यांना माहीत होतं. लेकीलाही माहीत असणार. पण पाच महिन्यांचे केस म्हणजे पाच महिने तिथे राहिल्याची काहीतरी नोंद होती, आणि आज हातात तेवढंच होतं. कात्री आणायला त्या उठल्या.

"येताना माझ्या पिशवीतला डबा आण," आश्लेषा मागून म्हणाली. "निळा."

डब्यात कागदाच्या पुड्या होत्या. प्रत्येक पुडीत केसांची बारीक बट, दोऱ्याने बांधलेली. काही काळ्याभोर, काही तांबूस, एक अगदी मऊ, बाळाच्या जावळाची असावी अशी.

"विचारून घेतलेत सगळ्यांना," आश्लेषा म्हणाली. "काहींनी स्वतः आणून दिले. मी म्हटलं, माझी अम्मा बेंगळुरूला असते, ती तपासते. बाटल्या आणखी लागतील तुला."

इंदिराबाईंचं कुटणं थांबलं होतं. त्यांनी त्या पुड्यांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग नातीच्या ओल्या नसलेल्या, तेल न लागलेल्या डोक्याकडे पाहिलं. त्यांना किती कळलं ते सांगता येत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी तिचं डोकं तर न्हाऊ घाल."

अनुसूयाबाईंनी लेकीच्या मानेवरचे केस बोटांनी बाजूला केले. लहानपणीचा तीळ तिथेच होता. त्यांनी कात्री कातडीला टेकवली, बट कापली, बाटलीत घातली आणि चिठ्ठीवर नाव लिहिलं. त्याखाली, नेहमीच्या जागी, गावाचं नाव. मग मऊ जावळाची पुडी उचलून तिच्यासाठीही एक बाटली काढली, आणि तेलाची वाटी जवळ ओढली.